आईला दाखवलेला घोट

सांगली, रविवार, १४ डिसेंबर

ती. आक्काताईस जय जिनेंद्र.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. बोलता येत नाही आणि मोबाईलवर कण्हणं मला जमत नाही. तुझे गुडघे साताऱ्याच्या थंडीत कसे आहेत?

जिभेच्या मुळाशी असलेली गाठ रोबोटनं तोंडातूनच काढली, हे तू जाणतेस. बाहेर टाका दिसत नाही, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. कुपवाडला लेथ चालवणारा आपला सन्मती माझ्या मानेभोवती फिरून म्हणाला, "गड्या, काम कुठं केलंय ते तर दाव!" (मी पाटीवर 'आत' असं लिहिलं. त्याचं समाधान झालं नाही.)

जेवण नाकातल्या नळीतून. शेवटचं दूध रात्री द्यायचं, पण दिवस मावळल्यावर आई पातेल्याला हात लावेना. नाकातून गेलेलं रात्रीच्या जेवणात धरायचं का, हे ती मंदिरातल्या पंडितांना विचारून आली. आजाऱ्याला सूट आहे म्हणाले. ती सूट तिनं मला दिली आणि स्वतः नियम घेतला: मी तोंडानं घोट गिळेपर्यंत ती दिवसातून एकदाच जेवणार. तेही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना! परवा देवघरापाशी भोवळ येऊन खालीच बसली.

म्हणून काल मी तिच्यासमोर चमचाभर पेज गिळली. (गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काहीही घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे.) "गेलं का रं बाळा?" मी मान डोलावली, हसलो, आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून खोकत राहिलो. ती पोटभर जेवली. हे खोटं म्हणायचं की सेवा, यावर मी बराच विचार केला. खोकल्यामुळे निर्णयाला पोचलो नाही.

बाकी प्रकृती उत्तम. काळजी नसावी.

तुझा,
भरतेश

ता. क. उत्तम नाही. सकाळपासून ताप आहे, छाती घरघरते. पेज फुप्फुसात उतरली असावी. डॉक्टरांना सांगितलं तर आईला कळणार आणि ती पुन्हा एकवेळेवर येणार.

ता. क. दुसरा: तू मिळेल त्या एसटीनं ये. तिच्यासमोर ताट ठेवून बस. तुला ती घाबरते. पोस्टाला उशीर होईल म्हणून या पत्राचा फोटो काढून मोबाईलवरच पाठवतोय.

माझं उद्याचं काम: पेज गिळल्याचं डॉक्टरांना पाटीवर लिहून सांगणे, आईच्या देखत.