आलेखातून वगळलेले १९ जुलैचे टिंब

प्रति,
मा. आलेख विभागप्रमुख,
जिल्हा पर्जन्य नोंद कार्यालय,
उल्हासनगर.

विषय : जुलैच्या पावसाच्या आलेखात दि. १९ जुलै २०२४ चे टिंब पूर्ववत दाखवणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. २ जून २०२५.

महोदय,

चिखलोलीच्या पर्जन्यमापकाची नोंद मी अकरा वर्षे ठेवत आहे. या अकरा जुलैंचे ३४१ दिवस, दिवसाला एक टिंब, असा आलेख आपण पाठवलात. मी भिंग घेऊन टिंबे मोजली. ३४१ भरली, परंतु १९ जुलै २०२४ चे ३८४ मिलिमीटरचे टिंब त्यात नाही. त्या दिवशी आपण सरासरीचे ३४ धरले आहेत.

आपण कळवता की, एका दिवशी दोन नोंदी असल्याने आकडा चुकून दुप्पट झाला असावा. शिवाय इतक्या दूरच्या टिंबामुळे बाकीची टिंबे कोपऱ्यात दाटतात. सविनय कळवतो की, मापकाच्या बाटलीत दोनशेच मिलिमीटर मावतात. ती भरून वाहण्याआधी मोजून रिकामी करायची व दोन्ही आकडे मिळवायचे, हे आपल्याच कार्यालयाने शिकवले. दाटी होत असल्यास कागद मोठा घ्यावा. कागद मी आणून देतो, भिंतीला चिकटवूनही देतो.

त्या दिवशी माझा गुडघा सुजला होता. ओढ्यापलीकडच्या मापकाकडे मुलगी शलाका हिला मीच पाठवले. दुपारी ती १९८ लिहून आली. पाचच्या सुमारास पुन्हा पाठवले. तिचा फोन आला, "बाबा, परत काठोकाठ भरली हो! एकशे शहाऐंशी. लिहा पटकन, मी निघते." मी लिहिले. ओढ्याने तिला घरी येऊ दिले नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली नदीकाठी सापडली.

चौतीस मिलिमीटरमध्ये त्या ओढ्यात म्हशीचे खूरही बुडत नाहीत, साहेब. आपला आलेख खरा धरला तर माझी मुलगी कोरड्यात बुडाली. तिची आई इंदुबाई विचारते, "आकडा खोटाच होता, तर माझ्या पोरीला धाडलंत कशाला?"

तरी टिंब जागेवर घालावे, व आकडा बरोबर होता असे एका ओळीत लेखी द्यावे. ती ओळ मी इंदुबाईला वाचून दाखवीन. मुलीला पाठवायला नको होते, हे कोणी लेखी देण्याची गरज नाही. ते मला माहीत आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
चिंतामणी बाळाराम भोईर
चिखलोली, दि. १९ जुलै २०२५

सोबत : नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स. मूळ वही तिची आई हातातून सोडत नाही.