दारापर्यंत

वहिनी,

दादापासून तू वेगळी झालीस, तरी दुसरी हाक जिभेवर येत नाही. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

उद्या सकाळी नऊला माझं दुसरं सिझर आहे. डॉक्टरबाईंनी आज सगळं समजावलं. पोट रिकामं ठेवायचं, पाठीत इंजेक्शन देणार, मी शुद्धीवर असेन, दुखणार नाही पण ओढल्यासारखं जाणवेल. जुन्या टाक्यांपाशी आत चिकटलेलं असलं तर वेळही लागेल. पहिल्या वेळी पळापळीत घाबरायला सवडच मिळाली नव्हती. या वेळी आपल्या पायांनी चालत जाऊन टेबलावर चढायचंय.

तुझ्या दुसऱ्या सिझरच्या सकाळी तू मला विचारलं होतंस, "थिएटरच्या दारापर्यंत येतेस का गं?" मी तेव्हा बिनलग्नाची, अतिशहाणी. म्हणाले, "एवढं काय त्यात? चेन उघडायची, बाळ काढायचं, चेन लावायची!" आणि कँटीनमध्ये चहा पीत बसले. पुढे तोच विनोद घरभर करत सुटले. तू पोटाशी उशी दाबून हसायचीस. मला वाटायचं, लाजतेस. हसताना टाके ओढतात म्हणून उशी धरतात, हे माझ्या पहिल्या सिझरनंतर कळलं. तेव्हाही तुला फोन केला नाही.

मघाशी फॉर्म भरताना नर्सने विचारलं, "दारापर्यंत सोबत कोण येणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी."

तिने ते लिहूनही घेतलं.

तुझी,
चेनवाली नणंद