ठमी रडली

ती. आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

ठमीच्या हृदयाचं ऑपरेशन नीट झालं, हे कळवलंच होतं. नंतर तिच्या फुफ्फुसांतला रक्तदाब चढत होता, ते मात्र लपवलं; रागावू नकोस. रडली की दाब भडकायचा, म्हणून नऊ दिवस तिला औषधानं निजवून ठेवलं होतं. खाटेला चिठ्ठी होती, 'हात लावू नका'. मी शिंकायलाही बाहेर जायचे.

आज घशातली नळी काढली आणि पोरीनं भोकाड पसरलं. मी घाबरून "गप, गप" करायला लागले. नर्सबाई यंत्रावरचा आकडा बघत म्हणाल्या, "रडू द्या हो. दाब जागचा हललेला नाही."

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना सांग, आवाज त्यांच्यावर गेलाय.

आज पोटभर जेवलेली,
तुझी लेक