वेन्तुराबाबांना कुणी न्हाऊ घातलं

सान्ता फे,
४ मार्च १९९१

ती. प्रिमितिवा आत्यास,
कोरिनाचा सा. न. वि. वि. संत अंतोनिओच्या कृपेने तू, कमाद्रे सेनाइदा आणि तुमच्या कोंबड्या खुशाल असाल असं धरून चालते.

मी बरी आहे आणि वेळेवर जेवते. तू हेच आधी विचारणार, म्हणून आधीच उत्तर दिलं. दिवसभर दप्तरखान्यात बसून जुने कागद वाचते. परवा आईने फोनवर पुन्हा विचारलं की मी नेमकं शिकते तरी काय. मी सांगितलं, अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या ह्या स्पॅनिश सरहद्दीवर कोण बाई म्हणून जगलं, कोण पुरुष म्हणून, कुणी कुणाबरोबर संसार थाटला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते कसं चालवून घेतलं, हे शोधते. तर म्हणाली, त्यासाठी विद्यापीठ कशाला हवं, प्रिमितिवाच्या स्वयंपाकघरात जाऊन बस!

आता मात्र नीट ऐक. १७७१ सालचा एक कागद सापडलाय, आपल्याच एल सौसालचा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडलेल्या एका शेजाऱ्याने पाद्रीकडे तक्रार केली की वेन्तुरा हा पुरुष नाहीच. केस कापून, विजार चढवून, एल पासोहून खेचरांच्या तांड्याबरोबर आलेली बाई आहे, आणि तिने मिकाएलाशी वेदीसमोर लग्न लावलंय. होय आत्या, तोच वेन्तुरा. आपले वेन्तुराबाबा, गाव वसवणारे.

पुढची पानं फाटलेली आहेत. आठ साक्षीदार बोलावले, पण निकाल काय लागला ते कळत नाही. माझे सर म्हणतात, पाण्यावरून भांडलेला माणूस काहीही बरळतो, दुसरा पुरावा आण. तो असलाच तर घराण्यातल्या थोरल्याच्या, म्हणजे बेलार्मिनोकाकाच्या पत्र्याच्या पेटीत असेल, बाबांच्या मृत्युपत्रात. यंदा चॅपेलच्या मानकरी तुम्ही आहात आणि जूनच्या सणाला ते वाचायचंच असतं, तेव्हा तुम्ही मागितलं तर तो नाही म्हणणार नाही. आपल्या मरणाबद्दल बाबांनी काय लिहिलंय तेवढं बघ. २८ जूनला समितीपुढे उभं राहायचंय. पुरावा नसला तर प्रबंधातलं हे प्रकरण गेलं आणि माझं वर्षही गेलं.

काकाला काही सांगू नकोस. तो बँकेतसुद्धा वेन्तुराबाबांचं नाव सांगून रांगेत पुढे जातो.

लोभ आहेच, तोंडी लावायला थोडी लाल मिरचीही पाठव.
तुझी,
कोरिना

एल सौसाल,
१८ मार्च

चि. कोरिना हिस,
आत्याचे आणि तिच्या मोतीबिंदूचे अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि सेनाइदा लिहिते आहे. तुझं पत्र वाचताना ती मध्येच थांबली, चष्मा पुसला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मी म्हटलं, बाई, मला पहिल्यांदाच कळलं. (खोटं. तिनेच तीनदा वाचायला लावलं. – सेनाइदा)

अगं, तुला दुसरं कुणी सापडलं नाही का? सगळ्या मुलखात बेलार्मिनोचेच बाबा सापडले? त्यांच्या नावाने तो मिशीला पीळ देतो. आणि मी त्यांना बाबाच म्हणणार हो, कागदात काहीही असो. ह्या वयात मला नवीन सवयी लावू नकोस.

तरी तुझ्यासाठी कागद आणला. शनिवारी पाट साफ करायला गावातले सगळे पुरुष फावडी घेऊन आले होते आणि मक्या-मांसाचं पोसोले आमच्याकडे होतं. दुसरा वाडगा पोटात गेला की बेलार्मिनो माणसात येतो. तेव्हा मी विषय काढला, की सणाला वाचायचंय, माझे डोळे गेले, सेनाइदाला सराव हवा. तो म्हणाला, सण जूनमध्ये, सराव मार्चपासून? मी म्हटलं, आम्ही सावकाश वाचतो. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, पण दिला.

तुझ्या कामाचं त्यात काही नाही, सांगून ठेवते. ओढ्याकडचं शेत चॅपेलला, म्हणजे आपण दर वर्षी वाचतो तोच भाग. दोन बैल, त्यातला एक लंगडा. लोखंडी हंडा मिकाएलाला. मग पाच मुलांची नावं. मग प्रार्थनेची एक मिसा, चरबीच्या मेणबत्त्या, चॅपेलच्या उंबऱ्याखाली पुरा, मिकाएला आणि माझ्या घरातल्या बायकांनी मला न्हाऊ घालावं, दुसऱ्या कुणी जवळ येऊ नये, आणि शेजाऱ्यांना माफ केलं. झालं. सगळं नेहमीचंच.

मिरची पाठवली आहे. एकदम खाऊ नकोस, शहरात राहून तुझं पोट नाजूक झालंय.
तुझी आत्या,
प्रिमितिवा

सान्ता फे,
२५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. आणि एक मोठी किंकाळी! दप्तरखान्यात ओरडता येत नाही म्हणून इथे ओरडते.

नेहमीचंच? आत्या, मी आजवर एकशेचाळीस मृत्युपत्रं वाचली. मला कुणी न्हाऊ घालावं, हे एकाही पुरुषाने लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नसते. सगळ्या मुलखात मेलेल्या पुरुषाला पुरुष न्हाऊ घालतात आणि बाईला बाया. आजोबांना कुणी घातलं होतं? खरं सांग.

आणखी एक. बाप्तिस्म्याच्या वहीत ती पाचही मुलं सापडली. तिघी मुली, दोघे मुलगे. कोमांचे आणि अपाचे ह्या आदिवासी टोळ्यांतून पकडून आणलेली, बाजारात विकलेली पोरं. बाबा आणि मिकाएला यांनी ती सोडवून वाढवली. तेव्हा त्या ‘घरातल्या बायका’ म्हणजे ह्या मुली. आणि आपण त्यांचेच, काकाच्या शुद्ध स्पॅनिश मिशीसकट!

सोबत एक फॉर्म आहे. खऱ्या नावांनिशी छापायला घराण्यातल्या कुणाची तरी सही लागते. तू केलीस तर काकाला विचारावं लागणार नाही.

दोघींना भरपूर मुके.
कोरिना

एल सौसाल,
१४ एप्रिल

चि. कोरिना हिस,
आशीर्वाद. मिरची संपली असेलच, तिखट खाऊन तुला जोर चढलेला दिसतोय.

तुझ्या आजोबांना मी आणि आईने न्हाऊ घातलं. त्यात विचारण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. मग गेल्या आठवड्यात पलीकडच्या ला हारा गावात मयताला गेलो होतो, तिथे सहज विचारलं. त्या बायका अशा हसल्या की पुढच्या खोलीतली जपमाळ थांबली. म्हणाल्या, तुमच्याकडे पुरुषांनासुद्धा बायाच? कोरिना, मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि अकरा पुरुष न्हाऊ घातलेत. सगळं जग असंच करतं अशी माझी समजूत! बाबांनी एकदा सांगितलं आणि गाव दोनशे वर्षं करत राहिलं, का ते न विचारता. (अकरापैकी एकानेही तक्रार केलेली नाही. – सेनाइदा)

फक्त घरच्या बायका आत जातात, तेवढा नियम आम्ही पाळतो. सेनाइदा दर वेळी पाणी तापवून दारापर्यंत आणते आणि तिथेच थांबते.

आता मुद्द्याचं. मी सही करणार नाही. कागद बेलार्मिनोच्या पेटीत परत गेला.

तू रागावशील, रागव. कोमांचे रक्ताचं मला काही नाही, आरशात ते मला रोज दिसतं. पण आज तू छापणार की वेन्तुराबाबांच्या घरात कोण कुणाबरोबर राहत होतं. उद्या लोक वाचतील आणि मान वळवून माझ्या घराकडे बघतील. सेनाइदा १९५३ साली आईच्या आजारपणात मदतीला आली आणि राहिली. नातं सांगता येत नाही म्हणून सगळं गाव तिला कमाद्रे म्हणतं, आणि कुणाच्या मुलाची धर्ममाता हे कुणी विचारत नाही. अडतीस वर्षं कुणी विचारलेलं नाही. मला भीती वाटते, पोरी. ह्या वयात मला कुणाला उत्तरं द्यायची नाहीत, आणि तिलाही द्यायला लागू नयेत.

(इथे मला काही लिहायचं नाही. – से.)

जेवत जा.
तुझी आत्या,
प्रिमितिवा

सान्ता फे,
२२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

मी रागावले नाही. लाज मात्र वाटली. तुमच्या घरात वाढले, तुमच्या दोघींच्या मध्ये झोपले, आणि फॉर्म पाठवताना एवढंही सुचलं नाही. प्रकरण काढून टाकते. सरांना कळवलं, ते म्हणाले, वर्षभराने दुसरं काही घेऊन या. येईन. तुम्ही दोघी मला त्या प्रकरणाहून जास्त आहात.

फक्त एक सांगते, ते कुठे छापायचं नाही, तुमच्यासाठीच. फाटलेली पानं दुसऱ्या गठ्ठ्यात मिळाली. पाद्रीने आठ शेजाऱ्यांना शपथ घालून विचारलं होतं. आठही जण म्हणाले की वेन्तुरा पाट साफ करायला येतो, देवळाचा वाटा देतो, त्याच्या घरी आम्ही जेवलोय, बाकी आम्हाला ठाऊक नाही. पाद्रीने चिडून शेवटी लिहिलंय की ह्या गावातून ह्याहून जास्त काही निघणार नाही. मी ते वाचून दप्तरखान्यात रडले आणि शेजारच्या गृहस्थांनी मला रुमाल दिला. तो धुऊन परत करायचाय.

सणाला येता येणार नाही, नवीन विषय शोधतेय. संत अंतोनिओ हरवलेल्या वस्तू शोधून देतो म्हणतात, माझंही नाव त्याच्या कानावर घालून ठेवा.
तुमची,
कोरिना

एल सौसाल,
१६ जून

चि. कोरिना हिस,
सेनाइदाचे आशीर्वाद. हे पत्र मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच लिहिते आहे. प्रिमितिवा कोंबड्यांना दाणे घालते आहे आणि माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण फक्त मिठाबद्दल.

तेरा तारखेला मिसा झाली, संताला नवा झगा घालून पाटाच्या कडेकडेने फिरवून आणलं आणि चॅपेलच्या दारात मी मृत्युपत्र हातात घेतलं. शेताचा भाग वाचून घडी घालायची असते. मी घडी घातली नाही. बैल वाचले, हंडा वाचला, पाच मुलं वाचली, न्हाऊ घालायचंही वाचलं. तुझ्या पत्रातले ते आठ साक्षीदार डोक्यातून जात नव्हते. प्रिमितिवाने माझी बाही ओढली, मागून शिवण उसवली, पण मी वाचत राहिले. मग तू शोधलेलं सगळं आणि तुझा फॉर्म कसा अडला तेही सांगून टाकलं.

मग बेलार्मिनो उठला. मला वाटलं, आता हा मला काठीने हाणतो. तो म्हणाला, ओरडून सांगायला नको, मी १९३८ पासून हा कागद वाचतोय, मला काय फक्त शेत वाचता येतं? पेटी देताना त्याच्या बापाने त्याला सगळं सांगितलं होतं, आणि बजावलं होतं की बायकांना कळू देऊ नकोस, बिचाऱ्यांना धक्का बसेल. कोरिना, बायका अशा हसल्या की संताचा झगा हलला! ज्यांनी गावातले सगळे पुरुष न्हाऊ घातले, त्यांना धक्का बसेल म्हणे.

मग त्याने प्रिमितिवाला विचारलं, पोरीला सही का दिली नाहीस, तिचं वर्ष बुडवलंस ना? ती एकदम ओरडली की बाबांच्या नंतर लोक आमच्याकडे बघतील, मला भीती वाटते, झालं समाधान? सगळ्या गावासमोर बोलली. मी जमिनीकडे बघत होते.

बेलार्मिनो म्हणाला, लोक कुठले? लोक म्हणजे आम्हीच ना? आणि आम्ही काय आंधळे आहोत? मग माझ्याकडे वळला. म्हणाला, त्या तिघी पोरींच्या अंगात बाबांच्या रक्ताचा थेंब नव्हता, तरी बाबांनी त्यांना घरातल्या बायका म्हटलं आणि त्यांनीच त्यांना न्हाऊ घातलं. मग ही सेनाइदा अडतीस वर्षं किटली घेऊन दारात का उभी राहते? घराण्यात थोरला मी, तेव्हा तिला आत बोलवायचं माझं काम होतं आणि मी गाढव. मी मेलो की तू दारात थांबायचं नाहीस. आत यायचं आणि प्रिमितिवाच्या बरोबरीने मला न्हाऊ घालायचं. आणि पाणी चांगलं कढत आण, हिचे हात बर्फासारखे असतात.

एवढं बोलून त्याने पोसोले मागितलं.

शिव्या खायची मी पूर्ण तयारी करून गेले होते, पोरी. ह्याची नव्हती. चॅपेलच्या मागे जाऊन मोठ्याने रडले. प्रिमितिवा आली, माझी फाटलेली बाही बघितली, म्हणाली की पाहुणे उपाशी आहेत आणि तुला रडायला हीच वेळ मिळाली का. मग तीही रडायला लागली. तिच्या कानावर न घालता मी हे केलं, म्हणून ती रागावली आहे आणि तिचा राग बरोबर आहे.

फॉर्म सोबत आहे. सही तिची आहे, खाली माझी आहे आणि सगळ्यात मोठी बेलार्मिनोची आहे. बाबांचे बैल खोऱ्यात एक नंबर होते असं छाप म्हणतो. एक लंगडा होता ते लिहू नकोस. हे आजच टाकते, म्हणजे अठ्ठावीस तारखेच्या आत मिळेल, सरांना पुन्हा विचारून बघ.

फॉर्मवर सहीपुढे नातं लिहायची जागा होती. मी पेन हातात घेऊन बसून राहिले. प्रिमितिवाने विचारलं, काय अडलं? मी सांगितलं. तिने डोळे बारीक करून कागदावर बोट ठेवलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मिठाखेरीज काही बोलली. म्हणाली, घरातली, असं लिही.

लोभ आता आणखी वाढवायला जागा नाही, आहे तेवढाच सांभाळ.
तुझी,
सेनाइदा आत्या