उजवी कळी, डावी कळी

रवि., ८ फेब्रु. १९८१
कारखान्याचा माणूस येऊन गेला. महाप्याच्या रंगाच्या कारखान्यात घरटी एकच माणूस घेणार. त्या कारखान्यासाठी जमीन गेली दोघा भावांची, नोकरी एक. आमचे हे थोरले, म्हणजे ह्यांनाच मिळायला हवी. त्यात विचारायचं काय? पण सासूबाई म्हणतात, "मी कोनाचा नाव घेनार नाय. गावदेवीवर सोरा." बरं, सोडलं. देवी काही आंधळी नाही.

मंगळ., १० फेब्रु.
कौल लावला. गुरवाने जास्वंदीच्या दोन ओल्या कळ्या देवीच्या खांद्यांवर चिकटवल्या. उजवी ह्यांची, डावी जनार्दन भावजींची. आधी पडेल त्याची नोकरी. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, डावी टपकन खाली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. काय करणार!
कळ्या धाकट्या जावेने, सुमनने आणल्या होत्या. माझ्याच दारच्या झाडाच्या. मला न विचारता.

शुक्र., १३ फेब्रु.
सु. पेढे घेऊन आली. "बाय, तोंड गोड करा." केलं. दिवसभर डोक्यात एकच. कळ्या हिने निवडल्या. डावीकडे टपोरी दिली असणार. जड ती आधी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. देवीवर माझा विश्वास आहे. सु.वर नाही.

शनि., ११ एप्रिल
सु.कडे कुकर आला. दोघींच्या मधे एक कूड, शिटी झाली की माझ्या कानात शिरते. मुद्दाम जास्त काढते मेली. डाळीला एवढ्या लागतात? इकडे हे खाडीवर रेती काढतात, हात सोलून येतात. बोलले तर म्हणाले, "देवीना ज्याला दिला त्याला दिला. तू कशाला जलतेस?"
जळू नको तर काय आरती ओवाळू? देवळात गेले नाही आज. जाऊन बोलायचं काय तिच्याशी.

बुध., ६ मे
भावजी खोकतात. थुंकी निळसर. रंगाची भुकटी नाकातोंडात जाते म्हणे. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. मग आल्याचा काढा करून नेला. सु. माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नि तशीच परत आले.

गुरु., १४ मे
डॉक्टरांनी सांगितलं, काम सोडा. सु. माझ्या चुलीपाशी येऊन बसली. आधी नुसतीच रडली. मग म्हणाली, "बाय, रागवू नका. त्या दिवशी मोठी कली मी दादांची म्हनून गुरवाला दिलेली. जड ती आधी परल म्हनून. आमच्या ह्यांची छाती लहानपनापासून कच्ची. मला नको होता ह्यांना तो काम."
"आणि पडली बारकी?"
"परली ना. तिच्या मनात तसाच होता."
भाकरी करपली. तीन महिने सु.वर राग धरला, तो आता कुठे ठेवू? आमची कळी मोठी होती, तरी चिकटून राहिली. म्हणजे नाही म्हणाली ती देवीच. ह्यांना वाचवलं म्हणावं, तर भावजींनी तिचं काय घोडं मारलं होतं? मला कळत नाही. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "कलायला लागला तं देव कशाला पायजे?" आणि तांदूळ निवडत बसल्या.

सोम., १८ मे
कारखान्यातून निरोप. भाऊ येत असेल तर पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्या घरात जाईल. उद्या पुन्हा कौल. उजवी पडली तर ह्यांनी जायचं, डावी पडली तर नाही. हे म्हणतात, "ती सांगल तसा." ह्यांचं सगळं सोपं.
कळ्या आणायचं काम ह्या वेळी माझ्याकडे. सु.नेच सांगितलं, "बायच आनतील." कुठल्या विश्वासावर, देव जाणे.
आणल्या. वाटीत पाण्यात ठेवल्यात. नोकरी हवी आहे. कुकरही हवा आहे, लपवू कशाला. पण ती निळी थुंकी... ह्यांच्या तोंडातून...
ठरवलं आहे, न बघता गुरवाच्या हातात द्यायच्या. ठरवलं खरं, पण दोनदा उठून बघून आले, मोठी कुठली ते.
सु.कडे आज शिटी नाही. भावजी फक्त पेज घेतात. इतके दिवस ती शिटी नकोशी व्हायची. आज चूल पेटवून कधीची बसलेय, कान कुडाकडे.