तुझ्या गाडीच्या टाकीला शिवलेलं कव्हर

चि. भाचेबुवा यांस,

मामाचे शिवणयंत्रावर बसल्या बसल्या अनेक आशीर्वाद. तिकडे ट्रेनिंगमध्ये पहाटे पाचला उठवून पळवतात असं ताईकडून कळलं. ऐकूनच मला झोप आली. गुडघे सांभाळ. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुझी गाडी सोडून. (घाबरू नकोस, पुढे वाच.)

सहा महिन्यांसाठी तू मोटारसायकल माझ्या हवाली केलीस. एवढी देखणी वस्तू उघडीवाघडी उभी पाहून माझ्यातल्या शिंप्याला राहवेना, म्हणून टाकीला रेक्झिनचं कव्हर शिवलं. दुहेरी शिलाई, आतून रबरी अस्तर, झाकणावर घट्ट टोपी. दुसऱ्याच दिवसापासून गाडीने असहकार पुकारला. पहिली पंधरा मिनिटं वाघ, मग ऐन सिग्नलला थंड. मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी पन्नाशीचा माणूस, पालथं पडून चालवायच्या त्या गाडीवर तसाच पालथा, बटण दाबतोय. तुझा गॅरेजवाला मित्र (स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकतो म्हणून ज्याला आपण डॉक्टर म्हणतो) तीन आठवडे झटला. कॉम्प्युटर जोडला, तो म्हणाला दोष नाही. प्लग बदलला, थ्रॉटल साफ केलं, साइड स्टँडचा स्विच तपासला. गॅरेजात गाडी तासभर गुरगुरायची. तिथे कव्हर आधी काढून फळीवर ठेवलं जायचं (ग्रीस लागेल म्हणून मीच बजावलं होतं), आणि निघताना मी ते प्रेमाने पुन्हा चढवायचो.

नेमकं तेव्हाच तुझ्या मामेबहिणीने सांगितलं, लग्न करीन तर डॉक्टरशीच. मी दोघांसमोर ठणकावलं, "ज्याला तीन आठवड्यांत गाडीचं दुखणं कळत नाही, त्याला माझ्या पोरीचं काय कळणार?" वाक्य मला इतकं आवडलं की दुकानात येईल त्याला ऐकवलं. तो मान खाली घालून गेला. पोर कामापुरतं बोलायला लागली. खरं सांगतो, तेव्हापासून घास गोड लागत नाही.

गाडी मात्र त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. माझ्या बोलण्याचा तिनेही धसका घेतला, असं मी धरून चाललो. काल कव्हर धुवायला उलटं केलं, तर टोपीच्या घडीआड मुगाएवढं भोक आणि त्याच्या कडेने काजाचे टाके. असे टाके मी आयुष्यात एकाच व्यक्तीला शिकवलेत. पोरीला विचारलं.

"बाबा, टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. तिथून हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येत नाही. तुमच्या टोपीने ते बुजलं होतं."

"मग बोलला का नाही तो?"

"तुम्ही ओरडलात त्याच्या आदल्या दिवशीच त्याला कळलं होतं. पण तुमच्या शिवणकामाला नाव ठेवायला तो धजेना. मला म्हणाला, गुपचूप काज करून टाक."

म्हणजे उत्तर खिशात ठेवून तो माझं बोलणं ऐकत उभा होता. मला काय वाटलं ते लिहीत नाही. (लाज वाटली. लिहिलं.)

तर गाडी ठणठणीत आहे. दोष कुणाचा हे आता उकरून काढू नये, असं माझं प्रौढ मत झालं आहे.

तुझा,
मामा

ता. क. हे पत्र डॉक्टरला फोनवर वाचून दाखवू नकोस.

ता. क. दुसरा : दाखव.

ता. क. तिसरा : त्याच्या छातीचं आणि खांद्याचं माप मागवून घे. सूट शिवायचाय. कार्य कुठलं ते त्याला सांगायला नको. गॅरेज दुकानापासून चार पावलांवर आहे, पण त्याच्यासमोर टेप धरून उभं राहायचा मला धीर होत नाही.