शेवंताबाई घोंगड्यावर बसली

आवो शिवाचे बाबा,

काल आपल्या माळावरून ट्रॅक्टर वापस गेला! तुमाला सांगितल्याबिगर मला भाकर गोड लागंना, म्हणून लिहून राहिले. अक्षर वाकडं हाय. दुसरीपर्यंतच तर शाळा माझी! हसू नका.

ट्रॅक्टर कुणाचा, सांगा बरं? तुमच्या चुलत भावाचा, दत्तरावचा! आपलाच धनगर, आपल्याच भावकीचा. गायरान नांगरून हरभरा पेरणार म्हणे. अन् तुमी जन्मभर तांड्यावरच्या बंजाऱ्यायच्या गायी हाकलत बसले. "गवत राखायची बिरोबाची आण धनगर पाळतो, तांडेवाले थोडीच पाळतील?" असं म्हणायचे. काहून हो?

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत गायरान राखायचं, जनावर आत सोडायचं न्हाई, गवताला बी धरू द्यायचं, ही शिस्त तुमचीच. यंदा गवत कमरेला लागून राहिलंय. तुमची ती लाडकी कानडी मेंढी तर दुरूनच पाहून वरडते.

भावकीतले बापे बाजूला उभे राहून म्हणे, "आपलाच माणूस हाय, वैर कशाला?" मी म्हणलं, "मग बांगड्या भरून देऊ का?" घोंगडं उचललं, ट्रॅक्टरच्या म्होरं अंथरलं, वर बिरोबाचा भंडारा टाकला अन् बसले मांडी घालून. भंडारा पडलेलं घोंगडं कोणता धनगर ओलांडील?

दत्तराव वरडला, "वैनी, उठा! म्हातारपणी हे काय खूळ?"

तेवढ्यात तांड्यावरची शेवंताबाई आली, मागं साऱ्या बाया. "सरक गं धनगरणी, एकटीच पसरून बसली!" अन् टेकली माझ्या मांडीला मांडी लावून. दत्तरावला म्हणती, "ह्यांचा देव माझा न्हाई. गवत माझं बी हाय. दसऱ्याबिगर माझी गाय आत जात न्हाई, अन् तू नांगर घालतो?"

दत्तरावनं भंडाऱ्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, अन् ट्रॅक्टर वळवला. मग आले आपले बापे, चहा घेऊन! त्यायला एक घोट दिला न्हाई आमी.

तुमी असते तर शेवंताबाईला घोंगड्यावरून उठवलं असतं, व्हय ना? आता तिथं बसून खुशाल रुसा. तुमचा राग जितेपणी झेलला, आता कशाला भिऊ?

दत्तराव परत येईल, ठाऊक हाय मला. येऊ द्या. अन् दसऱ्याला तांड्याच्या गायी अन् आपली मेंढरं एकाच वक्ताला आत सोडीन. हाकलणारा कुणी उठला, तर तो आपल्या भावकीचा का असंना, त्याला मी आपला म्हणणार न्हाई. हा शब्द तुमाला देते.

तुमचीच,
शिवाची माय